खाडीतल्या जुव्यावर सौर वीज: देणगी मिळतेय, पण कुणाच्या नावावर घ्यायची?

माहेर_जुव्यावर (११ जानेवारी, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी,

माझं माहेर म्हणजे दापोली-मंडणगड पट्ट्यातल्या एका खाडीतलं जुवं, म्हणजे चहूबाजूंनी पाणी असलेलं छोटं बेट. नाव मुद्दाम देत नाही. गावात बोलणी चालू आहेत आणि मी परस्पर बाहेर बोलले असं कुणाला वाटायला नको. ४३ घरं, त्यातली १६ फक्त गणपतीत आणि मे महिन्यात उघडतात. शाळा चौथीपर्यंत, पट नऊ. दवाखाना खाडीपलीकडे: होडीने वीस मिनिटं, पुढे रिक्षा. वीज आहे. दोन्ही काठांवर उंच खांब आणि मधल्या पाण्यावरून गेलेल्या तारा, एवढ्यावर सगळं जुवं उभं आहे.

३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमच्या बाजूचा खांब आडवा झाला आणि वीज यायला ३८ दिवस लागले. खांबावर चढणाऱ्या माणसांबद्दल माझी काही तक्रार नाही, अख्खे तालुके तेव्हा अंधारात होते. पण मी लॉकडाऊनमध्ये ठाण्यात अडकलेली आणि आठ दिवस आईचा आवाज कानावर नाही. तिला इन्सुलिन लागतं. तिने एका मडक्यात दुसरं मडकं ठेवून मधे ओली वाळू भरली, आत इन्सुलिनची बाटली ठेवली आणि वाळू सुकू नये म्हणून रात्री दोनदा उठून पाणी शिंपडलं. नळपाणी योजनेची मोटर बंद, म्हणून सत्तरीतल्या बायका जुव्याच्या दुसऱ्या टोकाच्या विहिरीवरून कळशा वाहत होत्या. शेजारच्या भावोजींनी होडीच्या इंजिनाची बॅटरी घरी आणून पाळीपाळीने सगळ्यांचे फोन चार्ज करून दिले, तेव्हा कुठे नवव्या दिवशी आईचा फोन आला. पुढच्याच मेमध्ये तौक्ते आलं. तेव्हा ११ दिवस.

तौक्तेनंतर एका संस्थेने आम्हाला डिझेल जनरेटर दिला. फोटो निघाले, नारळ फुटला. सातव्या महिन्यात तो बंद पडला. दुरुस्तीला नऊ हजार सांगितले. शाळा म्हणे आमच्या दप्तरी नोंद नाही, ग्रामपंचायत (आमची गट ग्रामपंचायत आहे, जुवं ही तिची एक वाडी) म्हणे आमच्या रजिस्टरला नाही, मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांचं मंडळ म्हणे आम्ही नुसती ओळख करून दिली होती. आजही तो शाळेच्या पडवीत ताडपत्रीखाली आहे.

आता मूळ मुद्दा. गावातला एक मुलगा ज्या कंपनीत आहे तिथून सीएसआरमधून (कंपन्यांचा समाजकार्याचा निधी) १४ लाख मिळतायत. शाळेच्या छपरावर १५ किलोवॅट सोलर आणि पाखाडीला (गावातली पायवाट) सौर दिवे. ठेकेदार त्यांचाच. पैसे ३१ मार्चच्या आत खर्च व्हायला हवेत म्हणून सगळी घाई. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय आहे आणि बहुतेकांचं म्हणणं, आलेली लक्ष्मी परत पाठवू नये. मलाही ती परत पाठवायची नाही. पण अजून एक ताडपत्री झाकलेली वस्तू मला आईच्या गावात नको आहे.

विचारायचं ते असं. हे सोलर वादळात चालेल का? कुणाच्या नावावर घ्यावं? आणि देणाऱ्याकडे देखभालीचे पैसे मागितले तर ते बिथरतील का? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

दिवाबत्ती (१२ जानेवारी, सकाळी ६:१५)

ताई, मी ३१ वर्षं लाइनवर काढली, आता निवृत्त. पहिल्या प्रश्नाचं उत्तर: तुम्हाला देऊ केलेलं सोलर वादळात चालणार नाही.

बॅटरी नसलेलं साधं ऑनग्रिड, म्हणजे मेन लाइनला जोडलेलं, सोलर लाइन गेली की आपोआप बंद होतं. तो बिघाड नसतो. तारा जोडणाऱ्या माणसाला छपरावरून उलटा करंट लागू नये म्हणून इन्व्हर्टर तसाच बनवलेला असतो, आणि त्या नियमामुळे माझ्यासारखे कित्येक जण घरी जेवायला परत गेलेत, म्हणून तो नियम मला प्राणापेक्षा प्यारा आहे. पण परिणाम असा की खांब पडला तर भर उन्हात १५ किलोवॅटची पॅनेलं वर आणि खाली फोन चार्ज होत नाही. वीजबिल कमी होईल, बस. तुम्हाला हायब्रिड (लाइन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी लागेल, आणि मेन लाइनपासून वेगळं पडणारं छोटं वायरिंग, ज्यावर फक्त ठरलेल्या वस्तू असतील.

त्या वस्तू आधी ठरवा. मी तुमच्या वर्णनावरून मांडून पाहिलं. औषधांचा छोटा फ्रिज, दिवसाला १ युनिट. पाण्याची मोटर ३ एचपी धरली आणि दोन तास चालवली तर साडेचार. मासळीसाठी एक डीप फ्रीझर, अडीच. चाळीस फोन, अर्ध्याच्या थोडं वर. समाजमंदिरातले दिवे अर्धा. जेटीवर रात्रभर सहा दिवे, सव्वा. सगळं मिळून साडेदहा युनिट. आपल्याकडे एक किलोवॅटचं पॅनेल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतं, पण जुलैत आभाळ भरलं की दीड-दोनवर येतं. हिशोब जुलैचा धरायचा, मार्चचा नाही. ६ किलोवॅट पॅनेल आणि १५ युनिट साठवणारी लिथियम फॉस्फेट बॅटरी, एवढ्यात तुमचं जुवं तग धरेल. अगदीच अंधारलेल्या दिवशी मोटर एक तास चालवा. १५ किलोवॅट हवेत कशाला?

शाळेचं छप्पर पत्र्याचं किंवा कौलाचं असेल तर तिथे एकही पॅनेल चढवू देऊ नका. निसर्गमध्ये वारा ताशी ११०-१२० किलोमीटर होता आणि पत्रे पानांसारखे उडाले, ते मी पाहिलंय. समाजमंदिराला स्लॅब असेल तर तिथे. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर दिलाय. तुमचा सांगाडा निदान तेवढ्याला टिकेल असं इंजिनिअरच्या सहीने लिहून घ्या. सांगाडा हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला), नटबोल्ट एसएस ३१६ या स्टेनलेस स्टीलचे. बाजारात नुसतं जीआय म्हणून जे देतात ते खाडीच्या वाऱ्यात तिसऱ्या पावसाळ्याला तांबडं होतं. पॅनेलला मिठाच्या हवेची चाचणी, आयईसी ६१७०१, झालेली हवी. बॅटरी जमिनीवर ठेवू नका. उधाणाचं पाणी समाजमंदिराच्या पायरीला लागलं असेल तर त्याच्या वर कमरेएवढी.

आणि पाखाडीचे सौर दिवे, ज्यांच्या खांबातच बॅटरी असते, ते कमी करून घ्या. दोन-तीन वर्षांत एकेक मिटतो आणि मग कुणी विचारत नाही.

---

हक्काची_वीज (१२ जानेवारी, दुपारी १:०५)

मला हा रस्ताच पटत नाही. वीज पोचवणं हे सरकारचं काम. घारापुरीला स्वातंत्र्यानंतर ७० वर्षं संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा. शेवटी फेब्रुवारी २०१८ मध्ये महावितरणची समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल गेली तेव्हा तिथे खरी वीज आली. अलिबागला चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पातून तारा जमिनीखाली गेल्या. तुमच्या खाडीला तर जेमतेम अर्धा-एक किलोमीटर केबल लागेल. १४ लाखांच्या देणगीवर समाधान मानलंत तर उद्या केबल मागायला गेल्यावर "तुमच्याकडे सोलर आहे ना" असं उत्तर मिळेल. देणगीदार खूश, सरकार मोकळं, आणि गाव पुन्हा बॅटरीच्या आयुष्यावर.

---

हिशेब_चिपळूण (१२ जानेवारी, रात्री ९:३०)

मी सीए आहे, चार-पाच न्यासांचे सीएसआरचे हिशेब बघतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण तुमच्या जनरेटरचं मरण तिथेच आहे.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. २२ जानेवारी २०२१ पासूनच्या नियमांत तुमच्या कामाच्या तीन गोष्टी आहेत.

पहिली. या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीच्या नावावर राहू शकत नाही. ती सीएसआर क्रमांक असलेल्या नोंदणीकृत न्यासाकडे, संस्थेकडे किंवा कलम ८ खालच्या (ना-नफा) कंपनीकडे, नाहीतर लाभार्थ्यांच्या गटाकडे (बचत गट चालतो), नाहीतर सार्वजनिक प्राधिकरणाकडे जावी लागते. म्हणजे "मालक कोण" हा प्रश्न तुम्ही आगाऊपणे विचारत नाही आहात. कंपनीलाही तो कागद हवाच असतो. माझं मत: जागा ग्रामपंचायतीची असेल तर मालमत्ता ग्रामपंचायतीच्या नावावर, रजिस्टरला नोंद करून, आणि चालवण्याचा अधिकार तिहेरी करारनाम्याने जुव्यावरच्या बचत गटाकडे. नुसत्या ग्रामपंचायतीवर सोडलंत तर दर निवडणुकीनंतर चावी फिरेल. नुसत्या गटावर सोडलंत तर विम्याला आणि परवानगीला अडेल. मुंबईच्या मंडळाला मधे घालू नका. कंपनीसाठी प्रकल्प राबवायचा तर प्राप्तिकराची १२ए आणि ८०जी, शिवाय सीएसआर क्रमांकासाठीची सीएसआर-१, अशी नोंदणी आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. गणेशोत्सव आणि वह्यावाटप म्हणजे तो अनुभव नव्हे.

दुसरी, आणि ही त्या अधिकाऱ्यांना नीट सांगा. ३१ मार्चची तलवार वाटते तेवढी धारदार नाही. कंपनीच्या संचालक मंडळाने हा "चालू प्रकल्प" म्हणून मंजूर केला तर न खर्चलेली रक्कम ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या बँक खात्यात टाकायची आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्च करायची, अशी कायद्यातच सोय आहे. तेव्हा घाईत चुकीची वस्तू घेण्याचं कारण उरत नाही.

तिसरी. देखभालीसाठी "एक लाख आमच्या खात्यात ठेव म्हणून टाका" असं मागू नका. संस्थेच्या कायम निधीला दिलेले पैसे आता सीएसआरमध्ये धरत नाहीत, अधिकारी इच्छा असूनही हो म्हणू शकणार नाही. त्याऐवजी ठेकेदाराच्या कंत्राटातच तीन वर्षांची देखभाल, विमा आणि गावातल्या दोघांचं प्रशिक्षण घाला. हे प्रकल्पाच्या खर्चात बसतं. बिथरण्याचं म्हणाल तर माझा अनुभव उलटा आहे. ज्या गावाने देखभालीचं विचारलं त्या गावाचं नाव अधिकाऱ्यांच्या लक्षात राहतं.

बॅटरी बदलण्याचा निधी मात्र तुमचाच हवा. इथे मंडळ कामाला येईल. आखातात कुणी असेल आणि पासपोर्ट भारतीय असेल तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी देणगी ठरत नाहीत. पण ज्याने परदेशी नागरिकत्व घेतलंय त्याच्याकडून, नातेवाईक असला तरी, गावाच्या कामासाठी एफसीआरए (विदेशी देणगी कायदा) नोंदणीशिवाय एक रुपया घेऊ नका. यात चांगली माणसं अडकलेली पाहिली आहेत.

---

पाऊलवाट (१४ जानेवारी, सायंकाळी ७:२०)

मूळची गुहागरची, काम ऊर्जेच्या क्षेत्रात. 'हक्काची_वीज' यांचा मुद्दा खोडायला नाही, त्याच्या शेजारी ठेवायला एक उदाहरण देते.

पोर्तो रिको हे कॅरिबियन समुद्रातलं बेट. २० सप्टेंबर २०१७ ला मारिया चक्रीवादळात तिथलं सगळं वीजजाळं कोसळलं. शेवटच्या घरांपर्यंत वीज परत यायला जवळजवळ अकरा महिने लागले. डोंगरातल्या आद्खुंतास गावात कासा पुएब्लो नावाची लोकसंस्था आहे, १९८० सालची, खाणीविरुद्धच्या लढ्यातून उभी राहिलेली. ती स्वतःची कॉफी विकून खर्च भागवते. तिच्या घरावर १९९९ पासून सोलर होतं, त्यामुळे वादळानंतर ते एक घर उजळलेलं राहिलं. लोक फोन चार्ज करायला, श्वासाच्या मशीनसाठी तिथेच यायचे. नंतर बाहेरून मदत आली. त्यात अलेक्स होनॉल्ड या गिर्यारोहकाच्या संस्थेचे पैसे होते, आणि मार्च २०२३ मध्ये गावातल्या डझनभर दुकानांचं मिळून सौर मायक्रोग्रिड, म्हणजे छोटं स्वतंत्र वीजजाळं, सुरू झालं. औषधाचं दुकान, बेकरी, अशी वादळात उघडी राहायलाच हवीत ती दुकानं. त्याची मालकी दुकानदारांच्या स्थानिक ना-नफा संस्थेकडे आहे. दुकानदार विजेचे पैसे भरतात आणि त्यातून देखभाल होते. बाहेरच्याने यंत्र दिलं, पण ते सांभाळणारी माणसं चाळीस वर्षं आधीपासून तिथे एकत्र बसत होती. मला त्यातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

दुसरं, स्कॉटलंडमधलं एग बेट, वस्ती शंभराच्या आसपास. २००८ मध्ये लॉटरी निधी आणि युरोपीय निधीच्या मदतीने त्यांनी पाणी, वारा आणि सूर्य यांवर स्वतःची वीज उभी केली. तिथे एका घराला एका वेळी ५ किलोवॅटपेक्षा जास्त वापरता येत नाही. धनाढ्य असो की गरीब, मर्यादा एकच, आणि ती बेटकऱ्यांनी आपणहून ठरवली. दुरुस्तीला बेटावरचीच शिकवलेली माणसं.

आपल्याकडे उलटही झालंय. बिहारमधल्या धरणईत २०१४ साली देणगीतून १०० किलोवॅटचं सौरजाळं झालं. त्यानंतर सरकारी स्वस्त वीज आली, काही वर्षांत बॅटऱ्या दमल्या आणि केंद्र बंद पडलं. तेव्हा 'दिवाबत्ती' काकांनी सांगितलेली छोटी यादीच धरा. जे फक्त संकटात लागतं पण रोजही थोडं वापरात राहतं, तेच टिकतं. रोज न वापरलेलं यंत्र नेमकं वादळात दगा देतं.

---

माहेर_जुव्यावर (२८ जानेवारी, रात्री ११:१०)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जुव्यावरून परतले, म्हणून उशीर.

ग्रामसभा पावणेतीन तास चालली. मी तुमचं लिखाण कागदावर उतरवून नेलं होतं. लाइन गेली की सोलर बंद पडतं, हे वाचल्यावर सभेत एकदम शांतता झाली, कारण कुणालाच ते ठाऊक नव्हतं, पैसे आणणाऱ्या मुलालाही नाही. बिचाऱ्याचा चेहरा उतरला. त्याला मी सगळ्यांसमोर सांगितलं की तू नसतास तर ही सभाच भरली नसती. त्यानेच दुसऱ्या दिवशी कंपनीतल्या बाईंना फोन लावला. त्यांनी तासभर ऐकून घेतलं आणि नवीन मागणी लेखी द्या म्हणाल्या. "चालू प्रकल्प" हा शब्द त्यांनी आमच्याआधी उच्चारला. मंजुरी अजून नाही, पण दार बंद झालेलं नाही.

ठरलं ते असं: समाजमंदिराच्या स्लॅबवर ६ किलोवॅट, बॅटरीसह. मालमत्ता ग्रामपंचायतीची, चालवणार बायकांचा बचत गट, आणि आयटीआय झालेला आमचा एक पोरगा दुरुस्ती शिकणार. चालू २७ घरांनी महिन्याला ६० रुपये, बंद १६ घरांनी गणपतीत वर्षाचे हजार. वर्षाला ३५ हजारांच्या वर जमतात. ते वेगळ्या खात्यात, तिघींच्या सहीने. फ्रीझरमध्ये मासळी ठेवणाऱ्याने किलोमागे काय द्यायचं यावरून वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. माझ्या चुलत्यांना प्रत्येक घरात निदान एक दिवा हवा होता. ते नाराज होऊन उठून गेले. त्यांचंही चुकत नाही, ३८ रात्री अंधारात त्यांनीही काढल्यात. त्यांच्याशी पुन्हा बोलणार आहे.

'हक्काची_वीज', तुमचा मुद्दा सभेत सगळ्यात मोठ्याने उचलला गेला. त्याच ठरावाच्या खाली दुसरा ठराव झाला: खाडीखालून केबलची मागणी, घारापुरीचा दाखला देऊन. आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की समाजमंदिराची सोय आपत्तीपुरती आहे, ती नियमित वीजपुरवठ्याची जागा घेत नाही. हे वाक्य तुमच्यामुळे सुचलं.

आईने सभेत एकच प्रश्न विचारला, औषधाच्या फ्रिजची चावी रात्री कुणाकडे असणार? त्यावर आशाताई म्हणाल्या, त्याला कुलूपच नको. तसंच ठरलं.

दिवाबत्ती काका, एक अडचण राहिली. पाण्याची मोटर ३ एचपीच आहे, पण थ्री फेज. ठेकेदार म्हणतो ती घ्यायची तर इन्व्हर्टर दुप्पट मोठा लागेल.

---

दिवाबत्ती (२९ जानेवारी, सकाळी ५:५०)

ताई, मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट खेचते म्हणून तो तसं म्हणतोय. मोटर बॅटरीवर घेऊच नका. सहा किलोवॅटपैकी काही पॅनेलं तिच्यासाठी वेगळी काढा आणि मधे सोलर पंपाचा ड्राइव्ह बसवा. तो मोटर हळूहळू उचलतो, झटका बसत नाही. दिवसा ऊन असेल तेवढं पाणी टाकीत चढवायचं. पाण्याची टाकी हीच तिची बॅटरी. पावसाळ्यात मोटर सावकाश चालेल, टाकी भरायला दिवस जाईल, पण कळशा वाहाव्या लागणार नाहीत. पॅनेलं किती वाढवावी लागतील ते मोटरवरची पत्र्याची पट्टी वाचल्याशिवाय सांगता येत नाही. तिचा फोटो टाका, आणि विहिरीत पाणी किती खोल आहे तेही लिहा, मे महिन्यातलं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी मुलीकडे दापोलीला आहे. पहिली होडी किती वाजता सुटते तेवढं कळवा, येऊन स्लॅब बघून जातो.